३८ कॅसेटी आणि हजारभर क्लिपा: मंडळाचं जुनं चित्रण लावताना

८ जून २०२५च्या रविवारी सांगलीत आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या कार्यकारिणीत ठराव झाला: 'मंडळाच्या ५० वर्षांनिमित्त जुन्या ध्वनिचित्रफितींचे संगणकीय रूपांतर करून सुमारे ४० मिनिटांचा माहितीपट तयार करणे. खर्च मर्यादा रु. २५,०००.' सूचक, अनुमोदक नेहमीचेच. 'कार्यवाही' या रकान्यात माझं नाव. मी सहकार्यवाह, आणि संगणकाशी माझी ओळख एक्सेलमध्ये वर्गणीचा हिशेब ठेवण्यापुरती. सभा संपल्यावर खजिनदार काका म्हणाले, "तुला काय अवघड आहे, नुसतं जोडायचं की." नुसतं जोडायचं काम ऑक्टोबरच्या शेवटी आलं. त्याआधीचे चार महिने कशात गेले, ते इथे लिहिते आहे. गणेशोत्सव मंडळं, वाचनालयं, शाळा अशा कितीतरी ठिकाणी कपाटात अशाच कॅसेटी पडून असतील.

सुरुवात मोजदादीपासून. कपाटात ११ हाय-एट कॅसेटी निघाल्या, १९९४ ते २०००च्या. बाकी २७ मिनीडीव्ही, २००३ ते २०११च्या. दोन्ही हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात घालायच्या छोट्या कॅसेटी, पहिली ॲनालॉग, दुसरी डिजिटल. चिठ्ठ्यांवर 'नाटक', 'नाटक २', 'तालीम (महत्त्वाची)' असला मजकूर. एकीवर 'रिकामी' लिहिलं होतं आणि तिच्यात पूर्ण प्रयोग होता. आमचं कार्यालय गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या, नदीजवळच्या वस्तीत. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा ओला झाला होता. त्या कप्प्यातल्या तीन मिनीडीव्हींच्या फितीवर पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घालायची नाही, कारण बुरशी हेडला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब दिसतात. त्या तीन वेगळ्या पिशवीत बांधल्या. उरलेल्यांवर कायम शाईनं १ ते ३५ क्रमांक घातले, बुरशीवाल्यांना ३६ ते ३८. कॅसेटच्या कडेला छोटी सरकपट्टी असते, ती 'सेव्ह'कडे सरकवली की चुकून त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

कार्यकारिणीतला एक प्रश्न रास्त होता: हे दुकानात का देऊ नये? तीन कोटेशनं मागवली, कारण लेखापरीक्षक ती मागतातच. कॅसेटमागे ४०० ते ५५० रुपये दर आला. म्हणजे एवढ्याच पैशात काम झालं असतं. पण तिघांकडूनही मिळणार होती ती प्रत्येक कॅसेटची एक सलग, दाबून लहान केलेली एमपी४ फाइल. मिनीडीव्हीच्या फितीवर चित्राबरोबर रेकॉर्डिंगची तारीख आणि वेळही नोंदलेली असते. कॅमेरा कुठे थांबला, कुठे पुन्हा सुरू झाला, हे त्यावरून कळतं. सलग एमपी४मध्ये ती नोंद राहत नाही, आणि मग ३८ तासांच्या पुंजक्यातून हवा तो क्षण शोधायचा तर बसून पाहण्याला पर्याय नाही. हे सभेत सांगितलं, तेव्हा एकदाची परवानगी मिळाली.

सामानाची जुळवाजुळव जूनअखेरपर्यंत चालली. मिनीडीव्हीतली माहिती मूळ रूपात संगणकावर आणायला फायरवायर नावाची जोडणी लागते. सोनीच्या कॅमेऱ्यांवर त्यालाच आय-लिंक लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक असलं तरी भुलू नका. त्यातून बहुधा फोटो किंवा हलक्या प्रतीचं चित्र येतं. आणि एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी दोनशे-तीनशे रुपयांची केबल मिळते, ती या कामाला निरुपयोगी आहे. आम्ही एका सभासदाच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड बसवलं: १,१५० रुपये. चार पिनांकडून सहा पिनांकडे जाणारी केबल ३५० रुपये. विंडोज १० होतं. कार्ड ओळखलं गेलं, कॅमेरा मात्र दिसेना. मायक्रोसॉफ्टचा 'लेगसी' ड्रायव्हर घालून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो हातानं निवडल्यावर दिसला. सहा पिनांच्या बाजूनं वीजही येते, म्हणून कॅमेरा बंद असतानाच केबल जोडायची आणि काढायची. कॅमेऱ्याचं भोक जळाल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत.

कॅमेरे दोन लागतात, हे सभेत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मिनीडीव्ही आणि हाय-एट यांच्या कॅसेटींचा आकारच वेगळा. मिनीडीव्हीसाठी मंडळाचा स्वतःचा कॅमेरा होता. डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, तो २०१६ साली निर्लेखित (यादीतून कमी) झालेला, पडदा काळा पडलेला, पण फीत उत्तम चालवणारा. तोच हवाही होता, कारण अर्ध्या कॅसेटी एलपीवर, म्हणजे फीत वाचवायला सावकाश वेगानं भरलेल्या होत्या, आणि तशा कॅसेटी ज्या कॅमेऱ्यात भरल्या त्यातच सगळ्यात नीट चालतात. हाय-एटसाठी मिरजेच्या एका जुन्या लग्न-शूटिंगवाल्यांकडून डिजिटल-एट कॅमेरा (हाय-एटच्याच आकाराच्या कॅसेटींचा, पण फायरवायर असलेला) भाड्यानं आणला, ४,००० रुपये. सगळे डिजिटल-एट कॅमेरे हाय-एट वाचत नाहीत, तेव्हा आपलीच एखादी कॅसेट नेऊन दुकानात लावून बघा. हेड साफ करायची कॅसेट ४५० रुपये. मिरजेच्या गृहस्थांकडे पावतीपुस्तक नव्हतं, म्हणून व्हाउचरवर त्यांची सही आणि महसुली तिकीट. खजिनदारांनी मला तिकीट लावायलाच परत पाठवलं.

जुलैभर कॅप्चर, म्हणजे फीत चालवून चित्रण संगणकात उतरवणं. इथे घाई चालत नाही. तासाच्या कॅसेटीला तासच लागतो. त्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवून घेतली. वर्षानुवर्षं गुंडाळून बसलेली फीत त्यानं जरा सैल होते. विनडीव्ही नावाची जुनी, चिमुकली, फुकट प्रणाली वापरली. तिच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, फाइलचा प्रकार 'टाइप २' ठेवायचा: यात आवाजाचा प्रवाह वेगळा साठतो आणि बहुतेक एडिटिंग प्रणालींना तो वाचता येतो. दुसरी, तारीख-वेळेत खंड पडला की नवी फाइल सुरू करायला सांगायचं. मग कॅमेरामननं जिथे जिथे बटण दाबून थांबवलं, तिथे तिथे क्लिप आपोआप वेगळी होते आणि तिच्या नावात रेकॉर्डिंगची तारीख, तास, मिनिट येतात. चहा प्यायला उठावं आणि परत येईतो तीस-चाळीस फायली ओळीनं तयार असाव्यात, याचा आनंद मला फार झाला. खिडकीत 'ड्रॉप' झालेल्या, म्हणजे उतरताना सुटलेल्या, फ्रेमचा आकडा दिसतो, तो शून्यावर आहे ना, एवढं पाहत राहायचं. शून्य नसला तर हेड साफ करून तीच कॅसेट पुन्हा.

जागेचा अंदाज: डीव्हीला, म्हणजे अशा मूळ रूपात उतरलेल्या फायलींना, तासाला सुमारे १३ जीबी लागतात. आमच्या कॅसेटी सगळ्या भरलेल्या नव्हत्या, तरी साडेचारशे जीबीच्या आसपास गेलो. २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या, प्रत्येकी ६,४०० रुपये. दुसरी डिस्क कशाला, यावर सभेत वीस मिनिटं चर्चा झाली. २०१९ची आठवण काढल्यावर थांबली.

हाय-एटचं वेगळं निघालं. ती ॲनालॉग फीत. तिच्यातून तारखेची नोंद फायरवायरवर उतरत नाही. त्यामुळे प्रत्येक कॅसेटीची एकच लांबलचक फाइल झाली. ते तुकडे पुढे हातानं पाडावे लागले.

आता मुख्य काम. डिस्कवर 'मूळ' नावाचा फोल्डर, त्यात कॅसेटीच्या क्रमांकाचे फोल्डर, त्यात फायली जशा उतरल्या तशा. हा फोल्डर 'केवळ वाचण्यासाठी' करून टाकला. फायलींची नावं बदलायची नाहीत, इकडची तिकडे हलवायची नाही, नको वाटली तरी पुसायची नाही. पुढची सगळी लावालावी एडिटिंग प्रणालीच्या आत. आम्ही केडेनलाइव्ह घेतली: फुकट आहे, साध्या संगणकावर चालते आणि डीव्ही फायली सरळ वाचते. पहिली क्लिप आत घेतली की ती प्रोजेक्टची मापं क्लिपसारखी करू का असं विचारते, हो म्हणायचं. पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) डीव्ही म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, चौकट ४:३. चित्र हलताना कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. ते इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फेऱ्यांत टिपणाऱ्या, चित्रणाचं लक्षण आहे, शेवटी फाइल काढताना त्याचा बंदोबस्त होतो.

आत घेतलेल्या क्लिपा जिथे दिसतात त्या चौकटीला प्रोजेक्ट बिन म्हणतात. बिनमध्ये फोल्डर करता येतात, आणि ते डिस्कवरच्या फोल्डरसारखेच असायला हवेत असं मुळीच नाही. सगळ्यात जास्त विचार मी यावर केला. कॅसेटीप्रमाणे फोल्डर केले असते तर कपाटच संगणकात आलं असतं. नऊ नंबरच्या कॅसेटीत पहिली २० मिनिटं ऐतिहासिक नाटकाची रंगीत तालीम, मग कुणाच्या तरी मुंजीतला मातृभोजनाचा भाग, मग त्याच नाटकाचा प्रयोग. कॅसेट संपेपर्यंत वापरायची पद्धतच होती. वर्षाप्रमाणे करावं तर एक नाटक दोन वर्षांत विभागलं जातं, कारण तालीम डिसेंबरात आणि प्रयोग जानेवारीत. म्हणून वर नाटक, त्याच्या आत 'तालीम', 'रंगपट', 'नेपथ्य-उभारणी', 'प्रयोग', 'प्रयोगानंतर'. माहितीपट बनवताना आपण स्वतःला काय विचारणार, तर "अमुक नाटकाच्या वेळी मेकअप करताना कुणी टिपलंय का?" या प्रश्नाला जी रचना पटकन उत्तर देईल ती बरोबर. तुमचं लग्नाचं चित्रण असेल तर प्रश्न वेगळा असेल, मग फोल्डरही वेगळे. दुसऱ्याची रचना उचलू नका, माझीसुद्धा. 'मंडळाबाहेरचं' असा एक फोल्डर केला, त्यात मुंज, बारसं, एका सहलीतलं पन्हाळगड. ज्यांचं होतं त्यांना नंतर पेन ड्राइव्हवर दिलं.

फोल्डर एकच उत्तर देतो, पण क्लिपेबद्दल प्रश्न अनेक असतात. त्यासाठी रंगीत टॅग. नावं आणि रंग आपण ठरवायचे. आम्ही पाचच ठेवले: हिरवा म्हणजे आवाज स्वच्छ, पिवळा म्हणजे चित्र चांगलं पण आवाज नाही, लाल म्हणजे परवानगी लागेल, निळा म्हणजे आता हयात नसलेली व्यक्ती आहे, करडा म्हणजे ओळख पटलेली नाही. एका क्लिपेला अनेक टॅग लागतात. मग बिनच्या वरच्या गाळणीतून (फिल्टर) 'निळा आणि हिरवा' मागितलं की जी माणसं गेली त्यांचा ऐकू येणारा आवाज असलेल्या क्लिपा तेवढ्याच समोर येतात. टॅग पंधरा केले तर कुणीच लावत नाही. क्लिपेला पाचपर्यंत तारेही देता येतात, ते मी फार कंजूषपणे दिले. पाच तारे म्हणजे माहितीपटात जाणारच, चार म्हणजे जागा असली तर. बाकीच्यांना काही नाही.

लांब क्लिपांसाठी आणखी एक सोय आहे. क्लिप मॉनिटरमध्ये पाहताना हव्या भागाच्या सुरुवातीला आय, शेवटी ओ, मग कंट्रोल आणि आय दाबलं की तेवढा पट्टा मूळ क्लिपेच्या पोटात उपक्लिप म्हणून बिनमध्ये दिसतो. मूळ फाइल अखंड राहते. हाय-एटच्या लांबलचक फायली आम्ही अशाच फोडल्या. दृश्यबदल ओळखून आपोआप तुकडे पाडायचीही सोय आहे, पण नाटकाच्या चित्रणात अंधार झाला, प्रकाश आला की ती प्रत्येक वेळी नवं दृश्य समजते. तालमीच्या आणि सहलीच्या चित्रणाला ती बरी पडली, प्रयोगाला नाही.

वर्णनाचा रकाना मात्र भरायलाच हवा, आणि मराठीत भरणार असाल तर हे नीट वाचा. शोध अक्षराला अक्षर जुळवून होतो. एकानं 'ग्रीनरूम' लिहिलं, दुसऱ्यानं 'रंगपट', तिसऱ्यानं 'मेकअप रूम', की शोध संपला. त्याहून छुपी भानगड म्हणजे 'ॲ'. काही कळफलकांवर तो एक स्वतंत्र वर्ण म्हणून उमटतो, काहींवर अ आणि वरचं चंद्र असे दोन मिळून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. 'ॲकॅडमी'च्या क्लिपा शोधताना निम्म्याच का येतात, याचा उलगडा व्हायला एक अख्खी संध्याकाळ गेली. 'तिसऱ्या'तल्या अर्ध्या र-चंही तसंच, तोही दोन प्रकारे लिहिला जातो. मग एका वहीत शब्दांची यादी केली: हाच शब्द, हेच शुद्धलेखन, शक्यतो 'ॲ' टाळायचा. आडनावं आधी, नाव नंतर. ती यादी संगणकाशेजारी चिकटवली, आणि टंकायला एकाच कळफलकावर एकच माणूस बसवलं.

माहिती सांगणारे मात्र अनेक. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून संध्याकाळी कार्यालयात मोठ्या टीव्हीला संगणक जोडून जुन्या मंडळींना बोलवायला लागले. कामाचा सगळ्यात सुंदर भाग हाच, आणि सगळ्यात सावकाश चालणाराही. पडद्यावर विंगेत उभा असलेला पाठमोरा माणूस दिसला की तीन आजोबा तीन नावं सांगायचे. एकदा कॅमेऱ्यामागून "अगं ती बत्ती डावीकडं घे की, तोंड दिसंना" असा आवाज आला आणि खोलीत कुणी काही बोलेना. आमच्या प्रकाशयोजनेच्या काकांचा आवाज. ते एकाही क्लिपेत समोर नाहीत, कारण नेहमी दिव्यांपाशी नाहीतर कॅमेऱ्यामागे. त्या क्लिपेला निळा टॅग लावताना चित्रात नसलेल्या माणसासाठी टॅग लावावा का, असा प्रश्न मला पडला. लावला.

वर्षांवरून वाद फार व्हायचे. मिनीडीव्हीच्या तारखा तरी निर्णय देतील म्हणावं, तर कॅमेऱ्याच्या आतली घड्याळाची बॅटरी मधेच संपलेली. २००७नंतरच्या काही कॅसेटींत प्रत्येक क्लिप १ जानेवारीची. अशा वेळी कामाला आली ती मंडळाची दप्तरं. नाटक करायचं तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, स्पर्धेत उतरायचं तर लेखकाचं परवानगीपत्र, सोबत पात्रयादी. ही सगळी कागदं आमच्या आधीच्या कार्यवाहांनी पुठ्ठ्याच्या फाइलीत सालवार लावून ठेवली होती. कोण कुठल्या भूमिकेत, कुठल्या साली, सगळं शिक्क्यानिशी. त्या वेळी ज्या कागदपत्रांना आम्ही नाकं मुरडली, त्यांच्यावरूनच चुकीच्या तारखांच्या क्लिपांची सालं ठरली. तुमच्याकडे निमंत्रणपत्रिका, पावत्या, वर्तमानपत्रांची कात्रणं असतील तर क्लिपा पाहायला बसण्याआधी ती समोर आणून ठेवा.

त्याच फाइलीतून लाल टॅगचं काम निघालं. नाटकाचा प्रयोग करायला लेखकानं तेव्हा परवानगी दिली, म्हणून त्यातला प्रवेश आज माहितीपटात दाखवायला आपोआप मिळत नाही. लेखकांना, किंवा ते नसतील तर वारसांना, पत्रं पाठवली: कुठल्या नाटकातला, किती मिनिटांचा भाग, कुठे दाखवणार, तिकीट आहे का, इंटरनेटवर टाकणार का. शेवटचा प्रश्न आधीच स्पष्ट केला, 'नाही' म्हणून, तेव्हा उत्तरं लवकर आली. एका ठिकाणाहून आलंच नाही, तर त्या नाटकाची फक्त तालीम आणि रंगपट घेतला, संवाद एकही नाही. नटांपैकी दोघींनी आपला काही भाग नको सांगितलं. कारण विचारलं नाही.

बुरशीवाल्या तीन कॅसेटी ३० जूनला कुरिअरनं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेल्या होत्या, कुरिअर १८० रुपये. "तीन आठवडे" म्हणाले, आल्या २१ ऑगस्टला. दोन पूर्ण वाचल्या, तिसरीची शेवटची १० मिनिटं गेली. कॅसेटमागे १,१०० रुपये. पाठवताना कागदावर लिहून द्या की मूळ डीव्ही फाइल हवी, डीव्हीडी नको. आम्ही दिलं होतं, तरी फोन करून पुन्हा सांगावं लागलं. २७ ऑगस्टला गणपती बसले आणि दहा दिवस कुणाला क्लिपा आठवल्या नाहीत.

सप्टेंबरात नव्या मुलाखती मोबाइलवर घेतल्या. मोबाइल फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाही, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. केडेनलाइव्ह अशी क्लिप आत घेताना इशारा देते आणि एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलून घेऊ का विचारते. घ्यायचं. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप मात्र कुणाकडूनही स्वीकारू नका. चित्र दाबलेलं असतं आणि मूळ तारीख गेलेली. "ड्राइव्हवर टाका किंवा पेन ड्राइव्ह आणून द्या" हे वाक्य मी गटावर पिन करून ठेवलं.

प्रत्यक्ष जोडकामाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. दिवाळीनंतर बसलो आणि ते भराभर झालं. पाच ताऱ्यांच्या क्लिपा गाळून घेतल्या, सालाप्रमाणे टाइमलाइनवर टाकल्या, मुलाखती मधे पेरल्या. "इथे विंगेतलं काहीतरी हवं" असं वाटलं की शोधात 'विंग' टंकायचं आणि समोर यायचं. गाळणीत 'न वापरलेल्या' असाही पर्याय आहे. त्यातून शेवटी कोण राहून गेलं ते तपासलं. पडद्यामागची दोन माणसं पूर्णच सुटली होती, ती घातली. लांबी ४० ऐवजी ४६ मिनिटं झाली आणि अध्यक्षांनी काही कापू दिलं नाही.

५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सांगलीतच केलं, आणि दर वर्षी त्या दिवशी इथे भावे गौरव पदकाचा सोहळा असतो. गावातलं सगळं नाट्यप्रेमी माणूस तिकडे, त्यामुळे आम्ही आधीच्या रविवारी, २ नोव्हेंबरला सकाळी ठेवलं. जेवण मंडळाचंच. पडद्यावर स्वतःला तीस वर्षांपूर्वीचं बघून काहींना बोलता येईना, काहींना बोलणं थांबवता येईना.

त्यानंतरची आवराआवर सांगते, कारण ती बहुतेक राहून जाते. केडेनलाइव्हमध्ये 'आर्काइव्ह प्रोजेक्ट' केलं की क्लिपा आणि प्रोजेक्टची फाइल एका फोल्डरात एकत्र येतात. ते केलं, पण 'मूळ' फोल्डर वेगळा ठेवलाच. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की प्रणाली म्हणते क्लिपा सापडत नाहीत. तेव्हा नवा फोल्डर दाखवून शोधायला सांगायचं. ती फायलीचा आकार आणि आतला ठसा जुळवून बघते, त्यामुळे सगळ्या परत जोडल्या जातात. क्लिपांची वर्णनं एक्सेलमध्येही उतरवून घेतली, छापून पुठ्ठ्याच्या फाइलीत लावली. उद्या केडेनलाइव्ह नसेल, तरी कागद वाचता येईल. एक डिस्क कार्यालयात, दुसरी विश्रामबागेत एका सभासदाच्या तिसऱ्या मजल्यावर. दोन्हींना डेड स्टॉक क्रमांक पडले आहेत. दर सहा महिन्यांनी दोन्ही लावून पाहायच्या, हेही ठरावात घातलं.

एकूण खर्च २२,२३० रुपये. 'कॅसेट रूपांतर' म्हणजे नेमकं काय, असं लेखापरीक्षकांनी फोनवर विचारलं. कॅसेटींची यादी आणि व्हाउचरं जोडून दिल्यावर पुढे काही आलं नाही. करड्या टॅगच्या, म्हणजे ओळख न पटलेल्या, दोनशेच्या आसपास क्लिपा अजून आहेत. त्या पाहायला महिन्याच्या पहिल्या शनिवारी कार्यालय उघडं ठेवतो. जुनी मंडळी एकमेकांना घेऊन येतात.

आणि माहितीपट पाहून घरी गेलेल्या एका काकूंनी माळ्यावरून सात व्हीएचएस कॅसेटी काढून आणल्या आहेत, १९८८पासूनच्या. त्यांना ना फायरवायर, ना तारीख. आधी चालणारा व्हीसीआर शोधायचा, मग पुढचं. डिसेंबरच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय पाचवा आहे, आणि खजिनदारांनी कोटेशनं तीनच हवीत असं आत्ताच सांगून ठेवलं आहे.